बोनियाचा हप्ता

2025 च्या डिसेंबरात, 10 तारखेच्या बुधवारी, आमच्या न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा पीट अलोन्सो बाल्टिमोरच्या संघात गेला. पाच वर्षं, साडेपंधरा कोटी डॉलर. त्याच्या आदल्या दिवशी एडविन डियाझ लॉस एंजेलिसला, आणि थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर ब्रँडन निमो टेक्ससला. आमच्या घरी अलोन्सोची 20 नंबरची जर्सी अंगावरून न काढणारी चौदा वर्षांची मुलगी आहे. बुधवारी रात्री तिच्या ताटातली मेथी तशीच गार झाली, आणि बायकोनं मला डोळ्यांनीच बजावलं, आज आकडेवारी नको.

आकडेवारी हा माझा जुना आजार. मेट्स त्यानंतरचा. 2006 मध्ये मी न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या एकानं मॅच बघायला घरी बोलावलं. मालिकेतला सातवा सामना, शेवटचा डाव, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि बॅटिंगला मेट्सचा कार्लोस बेल्ट्रान. मला नियम धड कळत नव्हते, पण खोलीतली माणसं श्वास रोखून बसलीत एवढं कळत होतं. सेंट लुइसच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, असा काही वळणारा कर्व्ह टाकला की बेल्ट्रान नुसता बघत राहिला. बॅट खांद्यावरून हललीच नाही. खलास. सात-आठ थोराड माणसं गालिच्याकडे बघत बसली. शारजात मियाँदादनं चेतन शर्माला षटकार मारला तेव्हा आमच्या सांगलीच्या वाड्यात अशीच शांतता पसरली होती. ते 1986 साल. मेट्सनी शेवटचं जेतेपद जिंकलं तेही 1986 सालीच. असल्या योगायोगांवर माणूस आयुष्यभराचा संघ निवडतो, त्याला काय करणार.

न्यूयॉर्कात दोन संघ आहेत. यँकी जिंकतात, म्हणून इथले निम्मे देशी यँकींचे. आमच्याकडे मेट्सवाला म्हटलं की लोक आधी सहानुभूती दाखवतात आणि मग बोनिया नावाच्या जुन्या खेळाडूवरून चिडवतात.

बोनियाकडे येतो. आधी सीव्हरकाका.

मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत पुढच्याच स्टेशनला, रॉवेला, एक गृहस्थ चढतात. साठी उलटलेली, डोक्याला निळी टोपी, तिची किनार उसवलेली. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण मनातल्या मनात मी त्यांना सीव्हरकाकाच म्हणतो, कारण कुठलाही वाद पाच मिनिटांत 15 जून 1977 वर नेऊन ठेवण्याची त्यांची हातोटी आहे. त्या रात्री मेट्सनं टॉम सीव्हरला, म्हणजे 1969 साली ज्याच्या जोरावर पहिलं जेतेपद मिळालं त्या पिचरला, पगाराच्या भांडणातून सिनसिनाटीला पाठवून दिलं. बदल्यात चार खेळाडू आले. काका ती चार नावं आपल्याकडे लोक साडेतीन शक्तिपीठं म्हणतात तशी म्हणतात: झॅकरी, फ्लिन, हेंडरसन, नॉर्मन. तेव्हा ते शाळेत होते. सकाळी वडिलांनी पेपर दुमडून लपवला होता म्हणे.

या गाडीत आमची गेली पंधरा-सोळा वर्षं भांडणं चालू आहेत. कोणाला विकायचं, कोणाला ठेवायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा. यात माझी बाजू कायम एकच. संघ हा धंदा आहे, मागच्या होमरनचे, म्हणजे आपल्या षटकारांचे, पैसे पुढच्या वर्षी द्यायचे नसतात. तिशी ओलांडलेल्या, पहिल्या बेसवर उभ्या राहणाऱ्या धिप्पाड होमरनवाल्याला लांबचा करार देणं म्हणजे जुनी ट्रॅक्स घेऊन तिच्यावर नव्या गाडीचा विमा उतरवण्यासारखं. माझं ठरलेलं उदाहरण बाल्टिमोरचा ख्रिस डेव्हिस. 2016 च्या सुरुवातीला त्याच्याशी सात वर्षांचा, 16 कोटी 10 लाखांचा करार झाला. पुढे 2018 च्या सप्टेंबरपासून 2019 च्या एप्रिलपर्यंत हा माणूस ओळीनं 54 वेळा हिटशिवाय परतला, पिचर सोडले तर तो विक्रमच आहे. 2021 मध्ये निवृत्त झाला. त्याचे राखून ठेवलेले पैसे बाल्टिमोर 2037 पर्यंत देत राहणार. काका यावर खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, सीव्हरच्या वेळीही असंच काहीतरी सांगितलं होतं.

आता बोनिया.

2011 च्या जूनमध्ये मुलगी झाली. बाळंतपणासाठी आई आणि अण्णा सांगलीहून आले होते. आईला कामं होती: डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाची अंघोळ. अण्णांना काहीच नव्हतं. जिल्ह्याच्या सहकारी बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस, एडिसनच्या अपार्टमेंटात त्यांना करायला काय मिळणार? ओक ट्री रोडपर्यंत चालत जायचं, कोथिंबिरीचा भाव बघून हळहळायचं, परत यायचं. मग दुपारी टीव्ही. मेट्सच्या वाहिनीवर दिवसभर काही ना काही चालू असायचं, तेच ते बघत.

1 जुलैला मी ऑफिसातून आलो तर अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेले. समोर किराणा दुकानाचं जाहिरातीचं रंगीत पत्रक पालथं घातलेलं, त्यावर आकड्यांच्या रांगा, आणि शेजारी माझ्या मुलीच्या डायपरच्या खोक्यावर ठेवलेला कॅल्क्युलेटर. तो त्यांनी सांगलीहून आणला होता. का, ते मी विचारलं नाही.

"हा बोनिला कोण रे?"

"बोनिया म्हणतात, अण्णा."

"स्पेलिंगात दोन एल आहेत. टीव्हीवर सगळे हसायला लागलेत. खेळणं सोडून दहा वर्षं झाली आणि आजपासून ह्याला दरसाल बारा लाख डॉलर देणार. पंचवीस वर्षं. खरं का?"

खरं होतं. बॉबी बोनिया 1991 च्या डिसेंबरमध्ये मेट्सकडे आला तेव्हा पाच वर्षांचे 2 कोटी 90 लाख डॉलर घेऊन आला. सांघिक खेळातला त्या वेळचा सर्वांत मोठा करार. पुढे तो गेला, 1998 च्या अखेरीला परत आला, आणि 1999 मध्ये त्याची सरासरी .160 इतकी खाली गेली. सरासरी म्हणजे दहा वेळा बॅटिंगला आला तर दीडदा हिट, असं धरा. मेट्सना तो नको झाला, पण 2000 सालचे त्याचे 59 लाख डॉलर देणं होतंच. तेव्हा त्याच्या एजंटनं तोडगा काढला. आत्ता एक पैसा देऊ नका. आठ टक्के व्याज धरा, आणि 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला हप्ता द्या. हप्ता 11 लाख 93 हजार 248 डॉलर 20 सेंट. एकूण जवळजवळ 2 कोटी 98 लाख. तेव्हापासून 1 जुलै हा अमेरिकेत 'बॉबी बोनिया दिवस' म्हणून साजरा होतो आणि आमच्यासारख्यांची टवाळी होते. 59 लाखांचे तीन कोटी! केवढे मूर्ख!

"मूर्ख कसले?" अण्णा म्हणाले. "बस इथं."

बसलो.

"जानेवारी 2000 ला करार. पहिला हप्ता 2011 ला. हप्ता वर्षाअखेरी धरायचा, म्हंजे 2010 पर्यंत मुद्दल वाढणार. आठ टक्के, चक्रवाढ, दहा वर्षं. नऊ वर्षांत दुप्पट होतंय, बहात्तर भागिले आठ. दहाव्या वर्षी किती? एक कोटी सत्तावीस लाख, वर थोडे. झालं. आता ह्या एक कोटी सत्तावीस लाखाचं घरकर्ज समज. पंचवीस वर्षं, आठ टक्के, वर्षाला एक हप्ता. काय येतंय बघ."

कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. अकरा लाख त्र्याण्णव हजार दोनशे अठ्ठेचाळीस.

"वीस सेंट सोडले मी," अण्णा म्हणाले.

मी स्वतः विमा कंपनीच्या आकड्यांवर पोट भरतो. पाच वर्षं बोनियावरून चिडवून घेतलं, पण एकदाही हे मांडून बघितलं नव्हतं. त्यात ना कुणाची लबाडी होती ना कुणाचा मूर्खपणा. साधं कर्ज होतं. मेट्सनी बोनियाकडून 59 लाख उसने घेतले होते, एवढंच.

"आणि आठ टक्के महाग म्हणतोस?" अण्णांना आता वाऱ्यासारखी गती आली होती. "त्या जानेवारीच्या मध्यापर्यंत आपल्याकडं पीपीएफला बारा टक्के होते. मग अकरा केले. लोकांनी बँकेत येऊन मला शिव्या दिल्यात, जसं काय मीच कमी केले. आठ टक्क्यांत सुटले हे लोक."

भारताचा दर आणि अमेरिकेचा दर एका तागडीत घालता येत नाहीत, हे मी त्यांना सांगून बघितलं. पण मग शोधलं तर त्या वेळी इथल्या बँकांचा प्राइम रेटच, म्हणजे चांगल्या कर्जदारांना लावायचा दरच, साडेआठ टक्के होता. म्हणजे अण्णांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं.

शिवाय त्याच हिवाळ्यात मेट्सनी ह्यूस्टनकडून माइक हॅम्पटन नावाचा डावखुरा पिचर आणला. 2000 साली त्याच्या जोरावर ते वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम मालिकेला, पोचले आणि यँकींकडून हरले. मग हॅम्पटन जास्त पैसे आणि मुलांना चांगल्या शाळा असं कारण देऊन कोलोरॅडोला गेला. (या शाळांवरून सीव्हरकाका अजून दात-ओठ खातात, त्यांच्या बायकोनं न्यूयॉर्कच्या शाळेत तीस वर्षं शिकवलंय.) पण मोठा खेळाडू असा सोडून गेला की मोबदल्यात नव्या मुलांच्या निवडीत जादा संधी मिळायची. त्या संधीवर 2001 मध्ये मेट्सनी अठरा वर्षांचा एक मुलगा उचलला: डेव्हिड राइट. पुढे कर्णधार, अख्खी कारकीर्द एकाच संघात, आणि 2025 च्या जुलैत त्याचा 5 नंबर कायमचा निवृत्त केला. बोनियाला त्या वर्षी रोख मोजली असती तर हॅम्पटनला जागा झाली असती का? कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गाडीतल्या वादात मी हे पान हमखास टाकतो.

खोट होती ती दुसरीकडेच. आठ टक्क्यानं उसने घेतलेले पैसे मालक विल्पन यांना परवडत होते, कारण त्यांचा बराच पैसा बर्नी मेडॉफ नावाच्या गुंतवणूकवाल्याकडे होता आणि तिथून दहा-बारा टक्के येताहेत असं कागदावर दिसायचं. मेडॉफच्या फसवणुकीचं बिंग डिसेंबर 2008 मध्ये फुटलं. 2011 च्या त्या उन्हाळ्यात बुडालेल्या गुंतवणूकदारांच्या वतीनं विल्पन यांच्यावर शंभर कोटी डॉलरचा दावा चालू होता, पुढच्या वर्षी 16 कोटी 20 लाखांवर तडजोड झाली. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर महिन्याला बरोबर तेवढंच व्याज? कधी कमी नाही?"

"तसंच."

"आपल्याकडं एका पतसंस्थेत तुझ्या मामानं ठेवले होते," एवढंच म्हणाले. मामाची गोष्ट आमच्या घरात पुढे कोणी सांगत नाही.

तो पूर्ण महिना आम्ही दोघं रात्री सोबत मॅच बघायचो. अण्णांना खेळ फारसा कळला नाही, पण 28 जुलैला बेल्ट्रानची देवाणघेवाण झाली ती लगेच कळली. माझा बेल्ट्रान, बॅट खांद्यावर घेऊन उभा राहिलेला. मेट्सनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला दिलं आणि त्या बदल्यात झॅक व्हीलर नावाचं एकवीस वर्षांचं पोरगं घेतलं, जे अजून मोठ्या मैदानावर उतरलंच नव्हतं.

"म्हंजे बदलीच की," अण्णा म्हणाले. "फक्त आपल्याकडं जतला पाठवलं तर जतचा कारकून इकडं येईलच असं नव्हतं. ह्याला विचारलं का?"

बेल्ट्रानच्या करारात तशी अट होती, म्हणून विचारलं. बहुतेकांना विचारत नाहीत. संध्याकाळी कळतं, सकाळी विमान. दहा वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला असेल तर त्याला नाही म्हणायचा हक्क मिळतो, एरवी करारात लिहून घेतलेलं असेल तरच.

"दहा वर्षं," अण्णा म्हणाले. "मला तेवीस वर्षांनी सांगली मिळाली."

व्हीलरचं पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण जखम तीच आहे. 2013 मध्ये तो आला, कोपराचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं गेली, परत उभा राहिला, आणि 2019 च्या शेवटी आम्ही त्याला जाऊ दिलं. तो फिलाडेल्फियाला गेला. पाच वर्षांचे 11 कोटी 80 लाख. तिथं तो देशातल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक झाला, दोनदा पिचरांच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला, आणि दरवर्षी आमच्याविरुद्ध येऊन उभा राहतो. त्या वेळी गाडीत मीच म्हणालो होतो, कोपर कापलेल्या पिचरला पाच वर्षं कोण देतं? काका हे विसरत नाहीत.

अण्णा परत गेले ते बोनियाला घेऊनच. दर 1 जुलैला सांगलीहून फोन: "जमा झाले का रे त्याचे?" बाकीही करार मी त्यांना कळवत असतो. डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या ओहतानीचा आला. दहा वर्षांचे 70 कोटी, पण दरसाल हातात फक्त 20 लाख, उरलेले 68 कोटी 2034 ते 2043 मध्ये.

"व्याज?"

"नाही."

फोनवर इतका वेळ शांतता की मला वाटलं रेंज गेली.

"बिनव्याजी? आणि सही केली?"

जाहिरातीतून त्याला भरपूर मिळतात, आणि संघाला इतर खेळाडू घ्यायला मोकळीक हवी म्हणून त्यानंच सुचवलं, असं मी समजावलं. आजच्या किमतीत ते 46 कोटींच्या आसपासच धरतात, हेही सांगितलं. "मग सत्तर कशाला म्हणता?" अण्णा म्हणाले, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी मेट्सनी हुआन सोटोला पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी दिले, त्यातला एक पैसा पुढे ढकललेला नाही. तो ऐकून अण्णांचा जीव भांड्यात पडला. "हा पोरगा नीट वाढवलेला दिसतोय."

आता अलोन्सो. हिशेब माझ्या बाजूनं आहे. 7 डिसेंबरला एकतीस पूर्ण झाले. पहिल्या बेसवर हात फारसा चपळ नाही. निमोच्या बदल्यात टेक्ससचा सेमियन आणला, कारण आमचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स यांना धावा रोखणारी माणसं हवी आहेत. 2025 च्या जूनच्या मध्याला आम्ही सगळ्या बेसबॉलमध्ये पहिले होतो, आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी मायामीत हरून बाहेर पडलो. काहीतरी बदलायलाच हवं होतं. हे सगळं गाडीत मी म्हणालो असतो. गुरुवारी सकाळी काका रॉवेला चढले, माझ्या समोर बसले, मी तोंड उघडायची वाट बघितली. मी मोबाइल बघत राहिलो.

कारण 3 ऑक्टोबर 2024. मिलवॉकी. शेवटचा डाव, आम्ही 2-0 मागे, दोन माणसं बेसवर, पिचर डेव्हिन विल्यम्स, ज्याला कोणी काही करू शकत नव्हतं. मुलगी सोफ्याच्या मागे जाऊन बसली होती, ती बघायला तयार नव्हती. अलोन्सोनं उजव्या बाजूला मारला. फार उंच नाही, कुंपणाच्या जरासा वर. मी तिला मागून ओढून बाहेर काढलं, आम्ही ओरडलो, वरच्या मजल्यावरच्या गुजराती आजोबांनी काठीनं जमीन ठोकली. दोनशे चौसष्ट होमरन मारले त्यानं मेट्ससाठी, डॅरिल स्ट्रॉबेरीचा 252 चा विक्रम मोडून. माझ्या मुलीनं बघितलेला हा एक.

आणि 2025 च्या डिसेंबरात मेट्सनी कोणाला आणलं? डेव्हिन विल्यम्सला. ज्याला मारला तो आला, ज्यानं मारला तो गेला.

रविवारी अण्णांना फोन केला. ऐंशीचे झालेत, ऐकू कमी येतं, आकडे मात्र एकदाच सांगावे लागतात.

"एकतिसाव्या वर्षी पाच वर्षं. साडेपंधरा कोटी." थोडा वेळ गेला. "सोडला ते बरोबर केलं तुमच्या लोकांनी."

"हो."

"पोरगी काय म्हणते?"

"जर्सी धुवायला टाकत नाही. कपाटातही ठेवत नाही. खुर्चीवर पडली आहे."

"राहू दे," म्हणाले. मग कागदाचा आवाज आला, काहीतरी शोधत असावेत. "बोनिलाचे पंधरा झाले बघ. दहा राहिलेत. शेवटचा 2035 ला, म्हंजे मी नव्वदचा." आणि मग आईला हाक मारून म्हणाले, "अगं, चष्मा कुठं ठेवलास माझा?"